चार गिटारींचा खर्ज
थोड्या खर्चात बेस कसा आणावा : संगीत विभागाचा अभ्यासलेख



आपल्या शाळेच्या गिटार गटात सध्या चार गिटारी, एक तबला-डग्ग्याची जोडी आणि गाणारे पाच-सहा गळे आहेत. गाणी पाठ आहेत, सूरही बरे लागतात. तरी सभागृहात मागच्या रांगेत बसणाऱ्याला हा आवाज पाणी जास्त झालेल्या आमटीसारखा लागतो. चव आहे, पण अंग नाही. "सर, बेस पाहिजे," असे मुले म्हणतात आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बेस गिटार आणि तिचा अँप्लिफायर घ्यावा, असा विषयही पालकांकडून निघाला आहे. संगीतासाठी वर्षभरात जी रक्कम मिळते, तिच्यातूनच पेटीची दुरुस्ती, तबल्याच्या पुड्या आणि गिटारच्या तारा यायच्या असतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी बेस म्हणजे नेमके काय आणि त्यातले आपल्याजवळ आधीच किती आहे, हे सर्वांनी समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बेस गिटार ही या वाटेवरची शेवटची खरेदी असावी, पहिली नव्हे.

बेस म्हणजे आपल्या भाषेत खर्ज. तंबोऱ्याला चार तारा असतात. जोडीच्या दोन तारा षड्जात लावलेल्या असतात आणि शेवटची, जाड, पितळेची तार त्याच षड्जाच्या एक सप्तक खाली. ती खर्जाची तार. ती उतरवून ठेवा आणि बाकीच्या तीन छेडा, म्हणजे तंबोरा एकदम पोरका वाटतो. आपल्यापासून फार लांब नसलेल्या मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेच्या बाजूला गेलात, तर एखाद्या कारागिराकडे खर्जाची तार लावण्याचे काम जरूर पाहा. जी गोष्ट आम्ही या लेखात गिटारबद्दल सांगणार आहोत, ती तिथे हाताला कळेल.

आता आकडे पाहू. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली, तर ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. याला ८२ हर्ट्झ म्हणायचे. तिच्या खालची ए तार ११० हर्ट्झ, आणि सर्वांत बारीक तार ३३० च्या आसपास. बेस गिटारला चार तारा असतात. त्या गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच स्वर बरोबर एक सप्तक खाली देतात. एक सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. म्हणून बेसच्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर येतात. नीट पाहिलेत, तर बेसची सर्वांत बारीक तार ९८ वर आहे आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ वर. म्हणजे दोघींच्या मुलखाची सीमा एकमेकींत शिरलेली आहे. बेसचा वरचा भाग गिटारवर आहेच. आपण तिथे फारसे जात नाही, एवढेच.

का जात नाही? कारण आपल्या चारही गिटारी एकाच वेळी एकच काम करतात. चौघेही सी, जी, ए मायनर, एफ अशा कॉर्ड तळाच्या पहिल्या तीन फ्रेटांवर धरतात आणि चौघेही सहाच्या सहा तारांवर वरून खाली हात फिरवतात. चार जणांनी एकच वाक्य एका सुरात बोलावे, तसा हा प्रकार. आवाज मोठा होतो, पण त्यात ना तळ राहतो ना छप्पर. त्यामुळे पहिला उपाय बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे कामाची वाटणी.

एका गिटारने फक्त जाड दोन तारांवर वाजवायचे. कॉर्ड नाही, स्ट्रमिंग नाही, एका वेळी एकच स्वर. कॉर्डचे जे नाव, तोच तिचा मूळ स्वर. सी साठी ए तारेवरचा तिसरा फ्रेट, जी साठी जाड ई तारेवरचा तिसरा फ्रेट, ए मायनरसाठी ए तार मोकळी, एफ साठी ई तारेवरचा पहिला फ्रेट. चार स्वर पाठ झाले, की निम्मी गाणी झाली. पेटीवाल्यांसाठी सांगायचे, तर सी म्हणजे आपली पांढरी एक आणि जी म्हणजे पांढरी पाच.

बाकीच्या तिघांनी या गिटारला जागा करून द्यायची. एकाने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावावा आणि जी, डी, ई मायनर, सी हे आकार धरावेत. कॅपोमुळे ते आपोआप सी, जी, ए मायनर, एफ असे वाजतील, पण वरच्या पट्टीत. दुसऱ्याने तळाच्याच कॉर्ड धराव्यात, पण हात फक्त बारीक चार तारांवर फिरवावा. तिसऱ्याने स्ट्रमिंग सोडून स्वर एकेक करून छेडावेत. असे केले, की जाड तारांचा मुलूख एकट्या गिटारसाठी मोकळा होतो आणि तिचा ८७ किंवा ९८ हर्ट्झचा स्वर, जो आधी गर्दीत चेंगरलेला होता, तो ऐकू येऊ लागतो. खरा बेस याहून खालचा असतो, हे मान्य. पण श्रोत्याच्या कानाला तळ कुठे आहे हे आधी कळावे लागते. तो किती खोल आहे, हा प्रश्न नंतरचा.

या वादकाला ठेक्याचेही भान हवे. बेसची कामे दोन आहेत. एक, कॉर्डचा पाया सांगणे. दुसरे, ठेक्याला वजन देणे. केरव्याच्या ८ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर स्वर द्या. पहिल्या मात्रेवर मूळ स्वर आणि पाचव्यावर त्याचा पंचम दिला, की चालते गाणे तयार होते. सी साठी पंचम म्हणजे जी. दादऱ्यात समेवर एकच स्वर द्या आणि चौथी मात्रा हलकी सोडा. स्वर किती वेळ राहू द्यायचा, हेही तुमच्याच हातात असते. तळवा अलगद टेकवून तार थांबवता येते. ही थांबवण्याची सवय लागली नाही, तर सगळे खालचे स्वर एकमेकांत मिसळून नुसती घुमघुम होते. बेसवाल्याने तबलजीच्या शेजारीच बसावे. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडला, तर दोन्ही मोठे वाटतात, आणि पुढेमागे झाला, तर दोन्ही फुकट.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : गिटारचीच तार सैल करून एक सप्तक खाली नेली तर? फ्रेंच विद्वान मेर्सेन याने १६३६ साली तारेचे नियम छापले. तार जितकी लांब, तितका स्वर खाली. तार जितकी जाड आणि वजनदार, तितका स्वर खाली. ताण जितका कमी, तितका स्वर खाली. पण ताणाचा हिशेब वर्गमुळाचा आहे. कंपनसंख्या निम्मी करायची, तर ताण निम्मा नव्हे, पाव करावा लागतो. स्टीलच्या तारांच्या गिटारवर जाड ई तार साधारण ११ किलोच्या ताणाखाली असते. एक सप्तक खाली नेण्यासाठी तो ताण पावणेतीन किलोवर आणावा लागेल. अशी तार पाळण्याच्या दोरीसारखी हलेल आणि फ्रेटांवर खडखडेल. स्वर लागणार नाही.

म्हणूनच बेस गिटार लांब असते आणि तिच्या तारा जाड असतात. साध्या गिटारच्या तारेची कंप पावणारी लांबी ६५ सेंटिमीटरच्या आसपास, तर बेसची ८६. जाड तारेचा व्यास गिटारवर सुमारे १.३ मिलिमीटर आणि बेसवर २.६ च्या पुढे. तेव्हा बेसची तार आणून गिटारवर चढवू, हा विचारही सोडून द्या. ती खुंटीच्या भोकात जात नाही, वरच्या खाचेत बसत नाही, आणि बसवलीच, तरी कमी लांबीमुळे ढिली पडते. जाड ई तार फक्त डी पर्यंत, म्हणजे ७३ हर्ट्झपर्यंत उतरवणे मात्र सुरक्षित आहे. डी मधल्या गाण्यांत त्याचा चांगला उपयोग होतो.

इथे पालकांसाठी एक सूचना. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर, आवाज मोठा येईल म्हणून, स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, तर स्टीलच्या नेहमीच्या संचाचा ७० च्या वर जातो. ब्रिज उपटून येतो. तारांचा संच काही शे रुपयांना मिळतो, पण गिटार गेली तर गेली.

गिटारवर कामाची वाटणी झाली, की शाळेत जी वाद्ये आधीच आहेत त्यांच्याकडे वळावे. कीबोर्ड असेल, तर अर्धे काम झालेच म्हणा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सर्वांत डावीकडची सी पट्टी ६५ हर्ट्झ देते आणि सप्तक खाली करण्याची कळ दाबली, की ३३ च्या जवळ जाते. बहुतेक कीबोर्डमध्ये पट्ट्यांचे दोन भाग करून डाव्या भागाला बेसचा आवाज देता येतो. वाजवणाऱ्याने डाव्या हाताच्या एका बोटाने मूळ स्वर द्यावा, बस्स. हे काही गरिबाघरचे तडजोडीचे काम नाही. अमेरिकेतल्या 'द डोअर्स' या प्रसिद्ध बँडमध्ये रंगमंचावर बेस गिटारवादक नव्हताच. त्यांचा रे मॅन्झारेक १९६७ च्या सुमारास उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने छोटा बेस कीबोर्ड वाजवीत असे.

पेटीचे काय? खर्जाच्या सुऱ्यांची पेटी संथ गाण्यांत फार गोड तळ देते. पण पेटीचा स्वर भात्याच्या हवेवर हळूहळू उमलतो, तारेसारखा टणकन उठत नाही. म्हणून जलद ठेक्यात ती मागे पडल्यासारखी वाटते. प्रार्थना, भावगीत, संथ समूहगीत यांत पेटीवाल्याने डाव्या बाजूचा एकच स्वर धरावा, कॉर्ड बदलली की सोडावा, आणि पूर्ण गाणे वाजवण्याचा मोह टाळावा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पेटी ऐन वेळी जुळवता येत नाही, गिटार येते. तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी सर्व गिटारी पेटीवरून लावाव्यात, मोबाइलच्या ट्यूनरवरून नव्हे. जुन्या पेटीचा स्वर ट्यूनरच्या स्वरापासून थोडा सरकलेला असू शकतो.

सुतारकामाची आवड असलेल्या मुलांसाठी आता एक गंमत. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्किफल' नावाच्या संगीताची लाट आली. युद्धानंतरचे दिवस, पोरांच्या हातात पैसा नाही. एखादी स्वस्त गिटार, कपडे धुण्याची नालीदार पाटी, आणि बेससाठी चहाचे रिकामे खोके. भारत आणि सिलोनचा चहा त्या काळी प्लायवुडच्या मोठ्या खोक्यांतून तिकडे जात असे. खोके पालथे घालायचे, त्याच्या मध्यातून एक दोरी काढायची आणि तिचे दुसरे टोक झाडूच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बांधायचे. दांड्याचा पाय खोक्याच्या कडेवर टेकवायचा. दांडा मागे ओढला, की दोरी ताणली जाते आणि स्वर चढतो. सैल सोडला, की उतरतो. लिव्हरपूलच्या शाळकरी मुलांचा 'क्वॉरीमेन' हा गट असाच खोक्याचा बेस वाजवीत असे. त्यातूनच पुढे 'बीटल्स' उभे राहिले.

तार ओढते आणि पातळ पडदा बोलतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके आठवा. लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे, कातड्यातून निघालेली तार आणि ती ताणून धरणारी काठी. इंग्रज पोरांनी तेच तत्त्व खोक्यावर वापरले. प्लायवुडचे जुने खोके, बांबू आणि नायलॉनची दोरी एवढ्यावर आपल्या प्रयोगशाळेत हे वाद्य एका दुपारी बनेल. खोक्याची एक कड विटेवर किंचित उचलून ठेवा, म्हणजे आतला आवाज बाहेर येईल. हातमोजा घाला, दोरी बोटे सोलते. याला फ्रेट नाहीत, त्यामुळे स्वर सर्वस्वी कानाने शोधावा लागतो. आमच्या मते कान तयार करण्यासाठी याहून स्वस्त शिक्षक मिळणार नाही. कार्यक्रमात वाजवण्याइतके ते नेमके होईलच, असे नाही.

त्याहून भरवशाचे म्हणजे काहोन. पेरू देशात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वस्त्यांत मालाच्या पेट्यांवर ठेका धरण्यातून हे वाद्य जन्मले. स्पेनचा थोर गिटारवादक पाको दे लुसिया १९७७ मध्ये लिमाला गेला असताना त्याला ते भेट मिळाले आणि तेव्हापासून ते फ्लामेंकोत रुळले. सुमारे ३० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ४८ सेंटिमीटर उंच पेटी, बाजूंना १२ मिलिमीटरचे प्लायवुड, पुढे ३ ते ४ मिलिमीटरचा पातळ पत्रा, मागे साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचे भोक. वर बसून पुढच्या पत्र्याच्या मध्यावर तळहात टाकला, की भोकातून हवा आत-बाहेर होऊन 'धुम्' असा खोल आवाज निघतो. कडेवर बोटे टाकली, की कडक टाळी. ओळखीच्या सुताराकडून उरलेल्या फळ्यांत हे होऊ शकते. मात्र एक लक्षात ठेवा, काहोन ठेक्याला वजन देतो, स्वर देत नाही. बेसच्या दोन कामांपैकी एकच तो करतो. दुसरे जाड तारांच्या गिटारकडे किंवा कीबोर्डकडेच राहणार.

आता थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल तर ऑक्टेव्ह पेडल. गिटारची वायर या छोट्या डबीत जाते आणि डबी प्रत्येक स्वर एक सप्तक खाली करून बाहेर सोडते. जुन्या पद्धतीची पेडले कंपनसंख्येला सरळ दोनाने भागतात. १९८२ साली आलेले बॉसचे 'ओसी-२' हे त्यांपैकी गाजलेले. अशा पेडलला एका वेळी एकच स्वर कळतो. दोन तारा एकदम वाजल्या, की ते गोंधळून गुरगुरते. २००३ मध्ये 'व्हाइट स्ट्राइप्स' या दोघांच्याच बँडचे 'सेव्हन नेशन आर्मी' हे गाणे जगभर गाजले. त्यातली सुरुवातीची बेससारखी ओळ बेसवर नव्हे, पेडल लावलेल्या गिटारवर वाजवलेली आहे. पेडल वापरताना मूळ आवाजाचे बटण शून्यावर आणि खालच्या सप्तकाचे वर ठेवा. पाचव्या फ्रेटच्या पुढे वाजवा, तिथे पेडलला स्वर लवकर सापडतो. एक अडचण आहे. आपल्या साध्या लाकडी गिटारींत पिकअप नाही, आणि पिकअपशिवाय पेडलला ऐकू येत नाही. गिटारच्या अंगावर चिकटवायचा पिकअप थोड्या पैशांत मिळतो, पण मोठ्या आवाजात तो शीळ घालतो. पेडलचा अ‍ॅडॅप्टर बहुधा ९ व्होल्टचा असतो. टोक जुळते म्हणून घरातला दुसराच अ‍ॅडॅप्टर लावला, तर पेडल त्याच दिवशी निकालात निघू शकते.

एवढे सगळे करूनही बेस ऐकू येणार नाही, अशी एक जागा आहे. विश्वस्तांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. प्रार्थनेसाठी मैदानावर आपण जो भोंगा वापरतो, तो माणसाचे बोलणे दूर पोचवण्यासाठी बनलेला आहे. खालचे स्वर त्यातून येतच नाहीत. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी ८ मीटरच्या वर असते. एवढी लांब लहर हलवायला मोठा पडदा आणि भरपूर हवा लागते. वीतभर स्पीकरचे ते काम नाही. शिवाय माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. मधला स्वर आणि खर्जाचा स्वर कानाला सारखेच मोठे वाटावेत, असे हवे असेल, तर खर्जाला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो.

कानाची एक मेहेरबानीही आहे. कोणतीही तार वाजते तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात. ४१ बरोबर ८२, १२३, १६४. छोट्या स्पीकरने ४१ गाळला, तरी वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून छोट्या अँप्लिफायरवर 'बेस' लिहिलेले बटण टोकाला फिरवण्यात अर्थ नाही. त्याने स्पीकर फडफडतो, स्वर मोठा होत नाही. ते बटण मध्यावर ठेवून 'मिडल' थोडे वाढवा आणि अँप भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून ठेवा. कोपरा खालच्या स्वरांना फुकट उचलून देतो. पालक मोबाइलवर कार्यक्रम टिपतात आणि घरी म्हणतात, "बेस कुठे आहे?" मोबाइलच्या स्पीकरमधून तो येणारच नाही. हेडफोन लावून ऐका आणि मग निकाल द्या.

बेस गिटार केव्हा घ्यावी? वरच्या वाटणीने गट दोन-चार महिने वाजवील, एका मुलाला किंवा मुलीला या कामाची गोडी लागेल आणि बेस कमी पडतो म्हणजे काय हे सगळ्यांना कानाने कळेल, तेव्हा. नव्या साध्या बेस गिटारला आज दहा हजारांच्या वर रक्कम लागते आणि अँप्लिफायर वेगळा. वापरलेली मिळाली, तर उत्तम. फक्त मान सरळ आहे ना, आणि प्रत्येक फ्रेटवर स्वर स्वच्छ येतो ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. सातवी-आठवीच्या हातांना ७६ सेंटिमीटर लांबीची आखूड बेस सोपी जाते. ती शाळेच्या नावावर असावी, एका मुलाच्या घरची नसावी. मूल दहावी होऊन गेले, की वाद्यही जाते आणि गट पुन्हा पातळ होतो. अँप्लिफायरसाठी घाई नको. छोट्या गिटार अँपमध्ये बेस लावून हळू सराव करता येतो, पण आवाज वाढवला, तर स्पीकरचा पडदा फाटू शकतो. कीबोर्डचा अँप किंवा सभागृहाचा मिक्सर आणि मोठे स्पीकर बरे. आणि कोणताही अँप तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावा. पिन मोडून दोन पिनांत बसवलेल्या अँपची गिटार हातात आणि ओठांजवळ मायक्रोफोन, अशा स्थितीत विजेचा झटका बसू शकतो. यात काटकसर नको.

राहिला नाजूक प्रश्न. जाड दोन तारा कोणी वाजवायच्या? "माझ्या मुलीने चार वर्षे क्लास केला, तिला फक्त एकेक स्वर वाजवायला लावता?" असे एखादे पालक विचारतील, आणि त्यांची काळजी आम्हांला समजते. गटात जो कच्चा, त्याला बेस, असा समज सर्वत्र आहे. 'बीटल्स'मध्येही १९६१ साली बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी हॅम्बुर्गला राहिला, तेव्हा हे काम कोणालाच नको होते. पॉल मॅकार्टनी या गिटारवादकाने ते पत्करले, त्याच शहरात व्हायोलिनच्या आकाराची एक स्वस्त हॉफ्नर बेस विकत घेतली आणि पुढे बेसवादनाचे रूपच बदलून टाकले. आमचा निर्णय असा की, या जागी कच्चा नव्हे, लयीला पक्का वादक बसेल. स्ट्रमिंगमध्ये एकाची मात्रा हुकली, तर बाकीचे झाकून नेतात. बेसची हुकली, तर गाणेच लंगडते. पहिले सत्र चौघेही आळीपाळीने ही जागा घेतील. कोणाला आवडते, ते त्यानंतर आपोआप कळेल. ज्या मुलाजवळ स्वतःची गिटार नाही, त्याने कीबोर्डचा डावा हात किंवा काहोन सांभाळावा. गटात येण्यासाठी गिटार विकत घेतलीच पाहिजे, अशी अट यापुढे नाही.

पुढच्या सरावापूर्वी गटातल्या प्रत्येकाने एवढे करून यावे. आपल्या आवडीच्या एका गाण्याच्या कॉर्ड वहीत लिहा आणि प्रत्येकीखाली मूळ स्वर, तार आणि फ्रेट लिहा. मग ते गाणे एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर ऐका आणि बेस कोणत्या मात्रांवर पडतो, तिथे खूण करा. गणिताची आवड असणाऱ्यांनी हेही सोडवावे : काहोन, डग्गा आणि जाड तारांची गिटार एकाच वेळी समेवर आली, तर त्यांतल्या कोणाचा स्वर मोजता येईल आणि कोणाचा का येणार नाही? ज्यांच्या घरी प्लायवुडचे जुने खोके पडून असेल, त्यांनी ते शनिवारी प्रयोगशाळेत आणावे. बांबू आणि दोरी शाळा देईल.